बॉगर्टला मारून काय मिळते?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या प्रकाशकांनी २०१६ साली राक्षसांवरचा जो पूरक ग्रंथ काढला, त्यात बॉगल नावाचा, लोककथेतल्या बॉगर्ट या घरातल्या भुताचा भाऊबंद असा, एक ठेंगू जीव आहे. तो पलंगाखाली आणि कपाटात दडून बसतो, अंगातून कधी निसरडे तर कधी चिकट तेल पाझरवतो, आणि जवळच्या एखाद्या चौकटीत किंवा भोकात घातलेला हात भलतीकडेच बाहेर काढून तिथली वस्तू लांबवतो. एकाकी पडलेल्या, टाकून दिल्यासारख्या झालेल्या माणसाच्या आसपास तो आपोआप जन्माला येतो, असेही ग्रंथकर्त्यांनी म्हटले आहे, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते. मात्र त्याच नोंदीत त्याचे चिलखत किती भक्कम, तो किती मार सोसणार आणि त्याचा निकाल लावल्यावर खेळाडूंच्या खात्यावर किती अनुभवगुण जमा होणार, हेही छापलेले आहे. बॉगलची किंमत २५ गुण आहे. साध्या गॉब्लिनची, म्हणजे या खेळातल्या किरकोळ राक्षसाची, ५०.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या प्रसंगात काय करणार ते ठरवतात, आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकले जातात. संगणकावरच्या असंख्य कल्पनारम्य खेळांनी पातळ्या, अनुभवगुण आणि हिट पॉइंट (म्हणजे कोण किती मार सोसू शकतो याचा आकडा) यांची भाषा याच खेळाकडून उचलली, त्यामुळे इथे एखाद्या लोककथेतल्या पात्राचे जे होते तेच पुढे सगळीकडे होते. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंड इथल्या घरोघरच्या खोडकर भुतांना, म्हणजे बॉगर्ट, हॉब, ब्राउनी या मंडळींना, या खेळांनी मारता येण्याजोगे राक्षस केले. त्याविषयी तक्रार करणारे बहुधा परंपरेच्या अपमानाचा मुद्दा काढतात. मला तो मुद्दा कच्चा वाटतो. खरे नुकसान खेळाचे झाले आहे: ज्या संकटावर तलवार चालतच नाही असे एक आयते संकट लोककथेने हातात ठेवले होते, आणि खेळाने त्याला हिट पॉइंट देऊन ते घालवले.

हे भूत मुळात काय होते ते पाहिल्याशिवाय या म्हणण्याला अर्थ येणार नाही. जॉन रोबी यांनी १८२९ साली लँकशर या उत्तर इंग्लंडमधल्या परगण्याच्या दंतकथांचा जो संग्रह छापला, त्यातली जॉर्ज चीदम या शेतकऱ्याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. चीदमच्या घरातला बॉगर्ट कोणाला दिसत नसे. मुलांच्या हातचा पाव हिसकावला जाई, दुधाचा वाडगा जमिनीवर आदळे, रात्री जिन्यावर धाडधाड आवाज होत. जिन्याखालच्या फळ्यांत लाकडाची गाठ निखळून पडल्यामुळे एक भोक झालेले होते. पायात बूट चढवताना टाचेमागे धरायची शिंगाची पट्टी एका मुलाने सहज त्या भोकात खुपसली, तर ती आतून जोरात परत फेकली गेली. मग मुलांना तो खेळच झाला. ती पट्टी आत सारत आणि बॉगर्ट ती बाहेर भिरकावत असे. मोठ्यांच्या मात्र नाकी नऊ आले होते. शेवटी चीदमने बिऱ्हाड हलवायचे ठरवले, सामान गाडीत भरले आणि तो वाटेला लागला. शेजाऱ्याने विचारले, “काय, निघालात शेवटी?” चीदम उत्तर देतो न देतो तोच गाडीवरच्या ताक घुसळायच्या खोल पिंपातून आवाज आला की हो, आम्ही निघालोच आहोत. शेतकऱ्याने गाडी माघारी वळवली. जाच सोसायचाच, तर तो सोयीच्या जुन्या घरात सोसलेला बरा, असा त्याचा हिशेब होता.

ही कथा ऐकणाऱ्याला हसू येते, पण तिच्यातला पेच साधा नाही. बॉगर्ट त्या वास्तूचा नाही, त्या कुटुंबाचा आहे. घर सोडून त्याच्यापासून सुटका होत नाही, कारण तो घरच्यांसारखाच बिऱ्हाडाबरोबर निघतो. आणि ‘आम्ही’ म्हणताना तो स्वतःला त्या घरातला धरतो. अशा भुताविरुद्ध कोणते शस्त्र वापरणार? त्याला शरीर आहे की नाही हेच कथा सांगत नाही.

त्याचा जोडीदार ब्राउनी हा तर राबणारा. रात्री घरातली माणसे झोपली की तो मळणी करतो, दळतो, झाडलोट करतो, आणि मोबदल्यात वाडगाभर साय किंवा दूध-पाव घेतो. रेजिनल्ड स्कॉट यांनी १५८४ साली चेटकाच्या समजुतींवर टीका करताना रॉबिन गुडफेलो या ब्राउनीसारख्याच इंग्लिश भुताच्या ठरलेल्या दूध-पावाचा उल्लेख केला आहे, आणि कोणी दयेपोटी कपडे दिले की तो रागावून निघून जातो हेही नोंदवले आहे. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स यानेही १५९७ च्या आपल्या ग्रंथात ब्राउनीची दखल घेतली. अर्थात सैतानाचा हस्तक म्हणून, कारण त्याला सगळीकडे सैतानच दिसत होता.

दुखावलेल्या ब्राउनीचाच बॉगर्ट होतो, असे मानत. हे राबणारे भूत कशाने दुखावते, हे स्कॉटलंडच्या बेरिकशरमधल्या क्रॅनशॉज गावची कथा नेमके दाखवते. तिथला ब्राउनी वर्षानुवर्षे धान्य कापून, झोडपून, रचून देत असे. इतकी वर्षे गेल्यावर लोकांना त्याचे काही वाटेनासे झाले आणि एके वर्षी कोणीतरी बोलून गेले की यंदा गंजी नीट रचलेली नाही. ते ब्राउनीच्या कानावर गेले. त्या रात्री त्याने सगळे पीक उचलून दोन मैलांवरच्या कड्यावर नेले आणि खाली उधळून दिले, आणि आता रचा तुम्हीच, अशा अर्थाच्या ओळी पुटपुटत तो गेला तो गेलाच. लिंकनशरच्या कथेत तर सरळ वेतनाचाच वाद आहे. तिथल्या ब्राउनीला दरवर्षी तलम तागाचा सदरा मिळत असे. एका कंजूष मालकाने त्याऐवजी जाडाभरडा, गोणपाटासारखा सदरा ठेवला. पूर्वीसारखा चांगला सदरा दिला असता तर पुढेही चाकरी केली असती, आता या घरातून बरकत जाईल, असे गात तो निघून गेला. यॉर्कशरमधल्या ग्लेझडेलजवळच्या हार्ट हॉलचा हॉबही असल्याच भरड कापडावरून रुसला, असे त्या भागाचे पाद्री जॉन ॲटकिन्सन यांनी १८९१ साली लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे सालगडी ठेवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कथा वेगळ्या समजावून सांगायला नकोत. उत्तर इंग्लंडमध्येही शेतावरचे गडी आणि मोलकरणी वर्षाच्या बोलीवर राहत, नोव्हेंबरातल्या मार्टिनमस या सणाच्या सुमारास भरणाऱ्या बाजारात त्यांची बोली होई, आणि राहणे-जेवणे हा मजुरीचाच भाग असे. मालकाच्याच छपराखाली राहणारा, सगळ्यांच्या आधी उठणारा, ज्याच्या कामाकडे फक्त ते बिघडल्यावर लक्ष जाते असा माणूस त्या घरांत खरोखर असे. ब्राउनीच्या कथा या एकाच गोष्टीतून निघाल्या असा दावा मी करणार नाही. लोककथेला एकच मूळ कधी नसते. पण त्या कथांतला राग कुठला आहे हे ऐकू येते. श्रमाची नाचक्की झाली की घरातले सुख जाते, हा त्यांचा कायदा आहे, आणि भूत हा त्या कायद्याचा अंमलदार आहे.

आता खेळाकडे वळू. १९७७ च्या राक्षसग्रंथात ब्राउनी आला. १९८१ साली ब्रिटनमधल्या लेखकांच्या हातून बराचसा तयार झालेल्या ‘फीन्ड फोलिओ’ या ग्रंथात पिठाच्या गिरणीत राहणारा किलमूलिस आला. त्याला तोंड नाही, प्रचंड नाक आहे. लोककथेत तो गिरणीवाल्याच्या अडीअडचणीला धावून येतो, पण वाळत घातलेल्या ओट या धान्यावर राख फुंकायची खोड काही जात नाही. १९८३ च्या दुसऱ्या राक्षसग्रंथात बॉगर्ट आणि बॉगल दोघेही आले, आणि तिथे बॉगर्टची गंमतच झाली: तो दलदलीत चमकणाऱ्या भुतवा दिव्याचे, म्हणजे विल-ओ-द-विस्पचे, बाल्यरूप ठरला. ताकाच्या पिंपात बसून बिऱ्हाडाबरोबर निघालेला प्राणी दलदलीतल्या प्रकाशाचे पिल्लू झाला. २००७ साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’च्या लॉरविन या पत्त्यांच्या संचात तर बॉगर्ट ही गॉब्लिनांची अख्खी जमातच झाली.

यात जाणूनबुजून केलेला अनादर कुठेही नाही. ग्रंथाची मांडणीच तशी आहे. ड्रॅगन असो, अस्वल असो की घरातले भूत असो, प्रत्येकाला तेच रकाने भरावे लागतात: चिलखत, मार सोसण्याची ताकद, हल्ला, वेग, बक्षीस. ज्याच्या नावापुढे हिट पॉइंट लिहिले तो मरू शकतो, आणि जो मरू शकतो त्याला मारायचे की नाही हा प्रश्न खेळाडूंच्या मनात पहिला येतो. चीदमच्या कथेतला किंवा क्रॅनशॉजच्या कथेतला प्रश्न त्या रकान्यांत बसतच नाही. ‘याचे आपल्याकडे काय देणे राहिले आहे?’ असा रकाना कोणत्याही राक्षसग्रंथात नाही.

यावर एक आक्षेप असा येईल की लोककथा कोणाच्या मालकीची नसते, ती बदलत आली म्हणूनच टिकली, आणि खेळ म्हणजे तिची आजची आवृत्ती. हा आक्षेप मला मान्य आहे, इतकेच नव्हे तर त्याला मीच पुरावा देतो. रोबींच्या संग्रहातली चीदमची कथा मँचेस्टरजवळच्या बॉगर्ट होल क्लफ या दरीत घडल्याचे सांगितले जाते. आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे आणि १८९६ साली तिथल्या समाजवादी सभांवर महापालिकेने बंदी घातल्यावरून मोठा झगडाही झाला. पण ती कथा त्या दरीची नव्हतीच. ती त्याआधी यॉर्कशरची म्हणून छापून आली होती, आणि रोबींच्या ग्रंथासाठी ती थॉमस क्रॉफ्टन क्रोकर या आयरिश लेखकाने पुरवली. डेन्मार्कमध्येही घरच्या निस्से या भुताची अगदी अशीच कथा सांगतात; तोही गाडीवरून डोके काढून ‘आज आपण बिऱ्हाड हलवतोय’ म्हणतो. तेव्हा शुद्ध, अस्सल, गावच्या मातीतला बॉगर्ट शोधायला निघणाऱ्याच्या हाती काही लागायचे नाही. शिवाय लँकशरमध्ये बॉगर्ट हे नाव घरातल्या भुतापुरते कधीच नव्हते. आडवाटेवरचा काळा कुत्रा, पुलाखालची सावली, विहिरीतली बाई, सगळ्यांनाच ते लावले जाई. दलदलीतला बॉगर्टही त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

परंतु या सगळ्या बदलांत एक गोष्ट टिकून राहिली होती. कथा यॉर्कशरहून लँकशरला गेली, डेन्मार्कमध्ये सापडली, तरी कुठेही शेतकऱ्याने बॉगर्टला मारले नाही. लोकांनी त्याला शांत केले, सोसले, चुकून दुखावले, कपडे देऊन घालवले, किंवा पाद्र्याकरवी बांधून टाकले. बांधण्यातही करार असे. रिबचेस्टरजवळच्या हॉदर्सल हॉलचा बॉगर्ट एका लॉरेलच्या झाडाच्या मुळाशी बांधला आहे आणि ते झाड जिवंत आहे तोवरच तो बांधलेला राहणार, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात नोंदवली गेली. म्हणून त्या झाडाला अधूनमधून दूध घालत. या बंदोबस्ताला मुदत आहे, देखभाल आहे आणि पुढच्या पिढीवर जबाबदारीही आहे. खेळाने बदल केला म्हणून माझी तक्रार नाही. बाकी सगळ्या सांगणाऱ्यांनी जी एक गोष्ट हात न लावता पुढे दिली, तीच खेळाने टाकून दिली, ही तक्रार आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. लोक संध्याकाळी चार तास एकत्र बसतात ते साहसासाठी. त्यांना दुधाचे वाडगे मांडायला लावले तर ते जांभया देतील. हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण खुद्द खेळाच्या इतिहासात आहे. १९७४ च्या मूळ नियमांत कोणताही प्राणी समोर आला की तो कसा वागेल हे ठरवण्यासाठी दोन फासे टाकण्याची सोय होती. निकाल चांगला आला तर राक्षस बोलणीही करी. शिवाय अनुभवगुण मारण्यापेक्षा मुख्यतः मिळवलेल्या धनावर अवलंबून असत, त्यामुळे लढाई टाळणे हे शहाणपणाचे होते आणि जुने खेळाडू ती टाळतही. प्राण्याच्या ताकदीवर गुण बेतण्याची पद्धत पुढे मुख्य झाली तसा तो कल मागे पडला. तेव्हा वाटाघाट ही लोककथेच्या अभिमान्यांनी बाहेरून लादलेली अट मुळीच नाही. ती या खेळाची वडिलोपार्जित मिळकत आहे आणि सध्या वापराविना पडून आहे.

या प्रश्नाला मालकीचीही एक बाजू आहे आणि ती निव्वळ हौशी लोकांपुरती नाही. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या कंपनीने इतरांना तिचे नियम वापरून खेळ छापू देणारा आपला खुला परवाना बदलण्याचा घाट घातला, तेव्हा खेळाडू आणि छोटे प्रकाशक इतके खवळले की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापरता येणाऱ्या परवान्याखाली मोकळा केला. त्या गदारोळात सगळी चर्चा कंपनी आणि प्रकाशक यांच्या हक्कांची झाली. ज्या शेतकऱ्यांनी आणि मोलकरणींनी हे जीव रचले त्यांचा त्यात कोठे संबंध येणार? ते कायद्याच्या दृष्टीने कोणीच नाहीत. १८९५ साली छापल्या गेलेल्या मायकल डेनम यांच्या संग्रहात उत्तरेकडच्या भुताखेतांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात बॉगर्टांच्याच पंगतीला ‘हॉबिट’ही बसलेले आहेत, तरीही १९७० च्या दशकात याच खेळाला टोल्किनच्या हॉबिटकथांचे हक्क असणाऱ्यांच्या वकिली नोटिशीपुढे हॉबिटांचे नाव बदलून हाफलिंग करावे लागले. यादीतल्या एका नावाला मालक मिळाला आणि बाकीची बेवारस राहिली. बेवारस वस्तू कोणीही घ्यावी हे ठीक, पण घेणाऱ्याने ती कुठून उचलली एवढे तरी लिहावे. आजच्या बहुसंख्य तरुणांसाठी राक्षसग्रंथ हाच भुताखेतांचा एकमेव कोश आहे, मँचेस्टरच्या मुलांसाठीसुद्धा. त्या कोशात लँकशरचे नाव नसेल, तर बॉगर्ट होल क्लफमध्ये फिरायला जाणाऱ्या मुलाला ते नाव एखाद्या खेळावरून दिले असावे असे वाटले तर नवल नाही.

पुण्या-मुंबईत हा खेळ खेळणारी तरुण मंडळी आपल्या भुतांना त्यात आणू पाहतात, हे साहजिक आहे, आणि तिथे ही चर्चा आपल्या अंगणात येते. तळकोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेवर फिरणारा राखणदार किंवा देवचार आहे, वेताळ आहे. वेताळाला वहाणा वाहतात, आणि रात्रीच्या फेऱ्यांनी त्या झिजतात म्हणून नव्या वाहतात. ब्राउनीला कपडे दिले की नाते तुटते. इथे वहाणा दिल्या की नाते चालू राहते. दोन्हीकडे देण्याघेण्यावरच सारे उभे आहे, आणि दोन्हीकडे हिट पॉइंटांचा रकाना तेवढाच निरर्थक ठरतो. फरक असा की बॉगर्टवर विश्वास ठेवणारे आता फारसे उरले नाहीत, तर राखणदारापुढे आजही गाऱ्हाणे घातले जाते. ज्याला कोणी काल रात्रीच रोट ठेवला आहे, त्याला २५ गुणांचा राक्षस करताना खेळ रचणाऱ्याने दोनदा विचार करावा. बॉगर्टच्या बाबतीत ती फक्त रचनेची चूक होती. इथे ती समोरच्या माणसाशी वागण्यातली चूक होईल.

बॉगर्टची नोंद कशी लिहावी याविषयी माझे मत ठाम आहे. हिट पॉइंट काढून टाकावेत. त्या जागी घरातल्या माणसांचा सोशिकपणा अंकांत मांडावा आणि दर रात्रीच्या खोडीमागे तो कमी व्हावा: आज दूध नासले, उद्या गाई बिथरल्या, परवा मोलकरीण काम सोडून गेली. तो शून्यावर आला की कुटुंब घर सोडते, आणि भूत अर्थातच गाडीवर बसून बरोबर जाते. सूत्रधाराने आधीच ठरवून ठेवावे की हा पूर्वी ब्राउनी असताना या घरात कोण त्याला काय बोलले, किंवा त्याच्या वाट्याच्या सदऱ्यात कोणी काटकसर केली. खेळाडूंचे काम ते शोधून काढण्याचे. मुलांना नेहमी मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते, कारण भोकातून पट्टीचा खेळ तीच खेळत असतात. त्यांना विचारल्यास पुढे सरकता यावे. उपाय तीन असावेत आणि तिघांची किंमत वेगळी असावी. चूक कबूल करून देणे फेडले तर तो पुन्हा राबू लागतो, पण ज्याने चूक केली त्याला घरच्यांसमोर ती मान्य करावी लागते. कपडे देऊन घालवला तर खोड्या थांबतात आणि बरकतही जाते. झाडाखाली बांधला तर झाडाला दूध घालायला कोणीतरी नेमावे लागते, आणि दहा वर्षांनी त्याच गावात परत आलेल्या खेळाडूंना झाड वठलेले दिसू शकते. गुण द्यायचेच असतील तर ते यांतल्या कोणत्याही उपायाला सारखेच द्यावेत. यासाठी कोणाचा परवाना लागत नाही आणि नव्या ग्रंथाची वाटही पाहावी लागत नाही. पुढच्या शनिवारी सूत्रधाराच्या जागी बसणाऱ्या कोणालाही हे करता येण्यासारखे आहे.